शिडी मी सोडली

४ मार्च

पत्राच्या वर मायना लिहायचा असतो. तो कसा लिहायचा याचा धडा सातवीच्या पुस्तकात होता म्हणे. सहावी झाल्याबरोबर तुम्ही मला शाळेतून काढून पाट्या रंगवायला शिडीला जुंपलंत, म्हणून या पत्राला मायना नाही. सरळ सुरू करतो.

सहा वर्षांनी पोराचं पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नका. आत्याचा फोन आला होता, लाँड्रीच्या ऑफिसात, सगळ्यांच्या देखत. म्हणाली, "दादा मरतामरता वाचला रे." मी विचारलं, किती ढोसली होती? तर म्हणाली, "नव्हती ढोसली. दोन महिने थेंब नाही. पण डोकंच गेलं होतं. चपला उशाला घेऊन बसला होता, मला ओळखेना, भिंतीवर बोटानं अक्षरं काढत होता."

डॉक्टर म्हणाले म्हणे की दारूनं यकृत सडलंय, ते रक्तातली घाण गाळत नाही आणि ती मेंदूत चढते. मी म्हटलं, चढवून घ्यायची सवयच आहे त्यांना. आत्या हसली नाही.

खरं सांगतो, मी फोन ठेवणारच होतो. मरू दे, म्हणून. मग मनात आलं, डोकं गेलेल्या माणसाला कसलं आलंय दुःख? तुम्ही मजेत भिंतीवर अक्षरं काढत बसाल, सगळं विसरून, आणि एक दिवस तसेच निघून जाल. आणि मी? मी कोणाशी भांडू? तसं सुटू देणार नाही तुम्हाला. मला तुमचं डोकं साफ हवंय. काचेसारखं लख्ख. म्हणजे तुम्हाला आठवेल.

तेव्हा ते गोड औषध मुकाट प्यायचं. आणि डॉक्टरांनी रोज एक ओळ लिहायला सांगितलीय ना, तीच ती ओळ रोज, डोक्यात धुकं यायला लागलं की आधी अक्षरात दिसतं म्हणून? कोणती ओळ ते त्यांनी सांगितलेलं नाही. मी सांगतो.

शिडी मी सोडली.

तीनच शब्द. रंगही लागत नाही.

डॉक्टर वही घाला म्हणालेत, पण वही नको. रोजचा एक सुटा कागद, वर तारीख. आठवड्याचे सात कागद आत्या पाकिटात घालून मला पाठवेल. फोटो नको. फोटो फोनबरोबर जातो, मला तुमच्या हातचा कागद हवा. शंभर झाले की मी तिकीट काढीन. मी यावं असं आत्याला वाटतं, म्हणजे ती पाठवेल.

फोन करू नका. फोनवर तुम्ही मधेच बोलता. कागदाला मधे बोलता येत नाही.

ज्याला गल्लीभर माकड म्हणालात, तो


२९ मार्च

पाकीट मिळालं. मी ड्रायरच्या आड जाऊन उघडलं. सात कागद. सातही कागदांवर "येथे वाहने उभी करू नयेत."

वा, पेंटर!

शेजारच्या इस्त्रीवाल्यानं विचारलं, "काय रे, घरून काय आलं?" म्हटलं, "सूचना." दिवसभर तो मला चिडवत होता, ट्रॉली कुठं लावू बाबा, इथं चालेल ना?

अक्षर मात्र अजून तेच. दोरी न धरता मारलेली शिरोरेघ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठं पोट नाही. मला तुम्ही ब्रशच्या दांड्यानं बोटांवर मारायचात ते याच रेघेसाठी. हात चालतोय म्हणजे डोकंही चालतंय. म्हणजे माझी ओळ तुम्ही मुद्दाम टाळलीत. नोंद घेतलीय.

आणि औषध बेसिनमध्ये ओतता ते कळलंय मला. मुंग्यांनी चुगली केली. आत्या म्हणाली बेसिनपासून खिडकीपर्यंत रांग लागली होती. का तर म्हणे दिवसातून तीनदा संडासला पळावं लागतं, संडास मागच्या अंगाला, न्हाव्याच्या दुकानावरून जायचं आणि त्याची गिऱ्हाइकं बघतात. लाज वाटते. तुम्हाला! त्याच रस्त्यावर तुम्ही गटारात पाय टाकून गाणी म्हटलीत, तेव्हा माझ्या वर्गातली पोरं शाळेतून घरी चालली होती.

ऐका, मी इथं काय करतो ते. हे माझं पाचवं काम. एका जागी ढुंगण टेकत नाही असं तुम्ही म्हणायचात ते खरंय, पण या लाँड्रीत टिकलोय. शहरातल्या हॉस्पिटलांच्या चादरी येतात. यकृताच्या वॉर्डच्या पिशव्या पिवळ्या. त्या उघडायला कोणी तयार नसतं, म्हणून त्या माझ्या. तुमच्यासारख्यांच्याच चादरी. रोज सकाळी दोनशे वेळा तुमची आठवण येते.

त्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टर आठवड्यातून दोनदा चादरी मोजून घ्यायला येतात. उंच बाई, आवाज भोंग्यासारखा. मी एकदा नाकाला फडकं लावलेलं त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "नाक कसलं मुरडतोस? ही घाण इथं आली म्हणजे कोणाच्या तरी डोक्यात गेली नाही." तेव्हा मला त्या औषधाचं कळलं. ते जुलाबाचं औषध म्हणून देत नाहीत. डोक्यात चढणारं विष आतड्यातून खाली ओढायला देतात. दोन-तीनदा मऊ झालं तर बरोबर, त्याहून कमी तर औषध कमी पडतंय, पाण्यासारखं व्हायला लागलं तर जास्त झालंय, डॉक्टरला विचारायचं. सिस्टरांना मी म्हटलं, माझ्या ओळखीचा एक जण आहे. त्यांनी बाप आहे का असं विचारलं. मी म्हटलं, ओळखीचा.

झोप येत नाही म्हणून औषधवाल्याकडे गोळी मागायला गेलात तर याद राखा. झोपेची गोळी तुम्हाला विषासारखी. उपाशी राहायचं नाही, झोपण्याआधी पोटात काहीतरी घालायचं. आणि आत्यानं रोज तुम्हाला दोन्ही हात पुढे करायला लावायचे, रस्त्यात गाडी थांबवतो तसे पंजे उभे. पाखरानं पंख झटकल्यासारखा पंजा पडायला लागला की ताबडतोब हॉस्पिटल.

हे सगळं मायेनं लिहितोय असा घोळ नको. शुद्धीत ठेवायचंय तुम्हाला.

आता माझी ओळ.


२४ एप्रिल

आली. सहा एप्रिलपासून बारा एप्रिलपर्यंत, सात कागद, सातही वेळा.

मी ते घडीच्या टेबलावर ओळीनं मांडले आणि मागं सरून बघितले, तुम्ही नवा बोर्ड बघायचात तसे. एक डोळा मिटून.

आता तुम्ही लिहिलंच आहे तर मीही सांगतो, मला वरून काय दिसलं ते. आजवर कोणी विचारलंच नाही. औषधवाल्याचा बोर्ड. मी चौदाचा. "औषधे"मधला ध भरत होतो, निम्मा झाला होता. खाली फरशी ओली, म्हणून तर शिडी धरायला माणूस लागत होता. तुम्ही दोन्ही हातांनी धरली होती. तुमचे हात तेव्हाच इतके कापायचे की ब्रश धरता येत नव्हता, म्हणून शाळा सोडून मी वर होतो, पण शिडी धरायला कापरे हातही चालतात. मी खाली बघितलं तर मला तुमचं टक्कल दिसलं आणि खिशातली बाटली. एका हातानं झाकण निघेना. मग दुसराही हात सोडलात.

एवढंच. झाकणासाठी.

हॉस्पिटलात मला शुद्ध आली तोवर न्हाव्याच्या दुकानात बसून तुमचं गल्लीला सांगून झालं होतं, "पोरगं माकडासारखं लोंबकळत होतं, किती ओरडलो!" आत्यालाही तेच. मलाही तेच सांगितलंत, तोंडावर, माझ्या डोळ्यांत बघून. मला दोन वर्षं वाटत होतं की असेल, मीच लोंबकळलो असेन.

डावा हात अजून कोपरात सरळ होत नाही. इथं चादरीची घडी दोघं मिळून घालतात, तर माझी बाजू नेहमी चार बोटं आखूड पडते. जोडीदार वैतागतो. मग मी एक पाय मागं टाकून ती चार बोटं भरून काढतो. दिवसातून दोनशे वेळा.

तर आता माझं काम. सातातला पहिला कागद मी न्हाव्याला पाठवलाय, पोस्टानं, त्याच्या दुकानाच्या पत्त्यावर. सोबत चिठ्ठी नाही. तुमचं अक्षर तो ओळखतो, त्याच्या पाटीवर तेच आहे. पुढचा औषधवाल्याला, मग टायरवाल्याला, मग पिठाच्या गिरणीला. जिथं जिथं तुम्ही मला माकड म्हणालात, तिथं तिथं तुमच्या हातची पाटी लागणार.

आत्या म्हणते तो ध अजून तसाच आहे, अर्धा पोकळ. राहू दे.

औषध घेताय ना? घ्या. आता तर शुद्धीत असायलाच हवं तुम्ही. संडासला जाताना न्हाव्याचं तोंड नीट दिसलं पाहिजे.


१८ मे

आजच्या पाकिटात चार ते दहा मेचे कागद आहेत. हे काय आहे?

पहिल्यावर रेघ मधेच वाकलेली. तिसऱ्यावर शिरोरेघ एकीकडे, अक्षरं दुसरीकडे. सातव्यावर "शिडी" दोनदा आहे आणि पुढं नुसता गुंता, कोंबडी चालून गेल्यासारखा. तारीखसुद्धा नाही, ती आत्यानं घातलीय.

मी तुमचं पिणं ओळखतो. झिंगलेला माणूस असाच लिहितो. तुमच्या अशा पाट्या मी रात्रंदिवस पुसल्यात आणि पुन्हा लिहिल्यात. आत्याशी बोललो. म्हणाली, दुपारभर झोपतो, रात्री फिरतो, शब्द जड येतात, मला चिडून ढकललं. वास येतो का विचारलं तर म्हणे, "वास नाही रे, पण..." पण काय? तुम्ही वास लपवायला कसे शिकलात ते मला विचारा. वेलदोडे कोणाच्या खिशात असायचे?

म्हणजे न्हाव्याला कागद मिळाला, तोंड दाखवायची सोय राहिली नाही, आणि तुम्ही पुन्हा बाटलीत शिरलात. तुमची नेहमीची वाट. मी तुमचं डोकं साफ करायला निघालो आणि तुम्ही ते पुन्हा बरबटवून मोकळे.

आत्याला जे सांगायचं ते सांगितलंय.

बाकी दुकानांचे कागद मी अजून टाकलेले नाहीत. टाकणार आहे.


२२ मे

आत्या, हे पत्र तू वाच. बाबा शुद्धीवर आले की त्यांना दे. आणि अठरा तारखेचं एक पत्र अजून वाटेत असेल, ते आलं तर उघडू नकोस. चुलीत घाल.

बाबा,

तुम्हाला आत्ता काही कळत नसेल. नाकात नळी आहे म्हणाली आत्या. हात बांधलेत, नाहीतर तुम्ही नळी उपटता. ते नळीतून तेच गोड औषध देतात. बेसिनात ओतायची सोय नाही आता.

कसं कळलं ते सांगतो. तुमचे कागद मी माझ्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवले होते. चौतीस, एक न्हाव्याकडे. सूड बघायला म्हणून. मी डबा काढायला दार उघडलं तेव्हा मोठ्या सिस्टर पिशव्या मोजत मागं उभ्या होत्या. मोजायच्या थांबल्या. "हा कोणत्या वॉर्डचा पेशंट?" मी म्हटलं, पेशंट नाही, बेवडा आहे, ओळखीचा. त्यांनी बोटानं एकेक कागद तारखेनुसार शोधला, सात एप्रिल, आठ एप्रिल, असं करत करत. एप्रिल संपेपर्यंत बोट सरळ चाललं. मेच्या पहिल्या तीन दिवसांत थोडं खाली-वर. चार मेपासून पुढं बोट थांबत गेलं. म्हणाल्या, "हा प्यायलेला नाही. प्यायलेला माणूस एक दिवस वाकडं लिहितो, दुसऱ्या दिवशी सरळ. हा रोज थोडा थोडा बुडतोय. हे कागद इथं काय करतायत? हे त्याच्या डॉक्टरच्या टेबलावर पाहिजेत ना?"

मग माझ्याकडे बघितलं. "ओळखीचा, काय?"

मी ऑफिसातून फोन लावला. साहेब ओरडत होता, त्याला म्हटलं पगार काप.

कागद घरी राहिले असते तर आत्याला दोन तारखांचे शेजारी ठेवून बघता आले असते. ते माझ्याकडे होते. तिच्यापाशी बघायला काहीच नव्हतं. हे लिहावं लागतं म्हणून लिहितो.

आणि तुमच्या पलंगाखाली पिवळ्या रंगाचा डबा सापडला म्हणे, झाकण घट्ट ठोकलेला, निम्मा औषधानं भरलेला. घट्ट झाकण, म्हणून मुंग्या नाहीत. न्हाव्याला कागद मिळाला त्या दिवसापासून तुम्ही दुकानावरून जायचं टाळत होता, म्हणून औषध डब्यात. तेही माझ्याच खात्यात आलं.

खोलीचं दार आतून उघडत नव्हतं, कडी अडकली होती, असं आत्या तुम्हाला सांगेल. तेच धरून चाला. जुनी कडी आहे.


१६ जून

बाबा,

छत्तिसावा कागद मिळाला. सोबत आत्याची दोन पानं.

आत्या लिहिते की पाचव्या दिवशी तुम्ही डोळे उघडलेत, सातव्या दिवशी तिला नावानं हाक मारलीत आणि आठव्या दिवशी हॉस्पिटलच्या पाटीवरची शिरोरेघ वाकडी आहे म्हणून नर्सशी भांडलात. म्हणजे बरे आहात.

न्हावी भेटायला आला होता तेही लिहिलंय तिनं. मी पाठवलेला कागद खिशात घालून. डॉक्टरांना चांगल्या दिवसातलं अक्षर बघायचं होतं आणि सगळ्या गावात तेवढा एकच सरळ कागद उरला होता, न्हाव्याकडे. आणि तो आत्याला काय म्हणाला ते वाचून मी दुपारी कामावर गेलो नाही. म्हणाला, "हे मला कशाला पाठवलं पोरानं? मी त्या दिवशी दाढी करत होतो, आरशात सगळं दिसलं मला. आख्ख्या गल्लीला माहीत होतं. म्हणून तर नंतर कोणी पेंटरला शिडीचं काम दिलं नाही. समोर कोण बोलणार? पोराचा बाप होता."

म्हणजे मला कोणी माकड समजत नव्हतं. मी सहा वर्षं उगाच तोंड चुकवून राहिलो. आणि मी तुमची जी अब्रू घालवायला निघालो होतो ती त्याच दिवशी फरशीवर पडली होती, माझ्या शेजारी. बाकीचे कागद मी कोणाला पाठवले नाहीत. सूड घ्यायलाही उशीर झाला मला.

आता तुमचा कागद. अक्षर वाकडं आहे, पण वाचता येतं. पहिली ओळ माझी. ती कोणी सांगितली नाही म्हणे, डॉक्टर म्हणाले काहीही लिहा आणि तुम्ही तीच लिहिलीत. तिच्याखाली, न सांगता, दुसरी.

"शिडी मी सोडली. दार कोणी लावलं?"

तीन दिवस हा कागद खिशात घेऊन फिरतोय. चादरी घडी घालताना दोनदा माझी बाजू सुटली. इस्त्रीवाला म्हणाला, "काय रे, आज काय सूचना आलीय?" मी खिशाचं बटण लावलं.

तुम्ही जन्मभर दारांवर पाट्या लावल्या. कडी अडकलेली आणि कडी बाहेरून सरकवलेली यातला फरक तुम्हाला कळणारच. आत्याचं काही चुकलं नाही. तिच्यावर डाफरू नका. ती माझ्यासाठी खोटं बोलली, आणि मी बोलू दिलं. मला कडी पुढं करणं सोपं गेलं, तुम्हाला माकड पुढं करणं सोपं गेलं तसंच.

अठरा मेला संध्याकाळी मी आत्याला फोन केला. म्हटलं, खोलीत घाल आणि बाहेरून कडी लाव. उतरेपर्यंत उघडायचं नाही. जेवण नाही, औषध नाही, बोलायचं नाही. ती रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, "ठोकतोय रे दारावर." मी म्हटलं, ठोकू दे. दुपारी पुन्हा आला, "आता ठोकत नाही." मी म्हटलं, बघ, उतरली. आणि मी जाऊन जेवलो. छान जेवलो त्या दिवशी, खोटं कशाला बोलू. वीस तारखेला सिस्टरांनी कागद बघेपर्यंत दार बंद होतं.

तुम्हाला शिडी सोडायला दोन हात लागले. मला एकही लागला नाही. फोनवर काम झालं.

माफी मागत नाही, कारण तुम्ही कधी मागितली नाहीत आणि मला मागायची पद्धत माहीत नाही. तुम्हाला माफ केलंय असंही समजू नका. कोपर तसंच आहे. शंभर ओळींतल्या छत्तीस झाल्यात, चौसष्ट राहिल्यात, एकही सोडणार नाही. पण आता वहीत लिहा. वही घरी, डॉक्टरला हाताशी, आत्यानं रोज कालचं पान आजच्या पानाशी धरून बघायचं. मला कागद नकोत. शंभरावी ओळ माझ्यासमोर लिहायची, मी शिडी धरल्यासारखा शेजारी उभा राहीन. तिकीट काढलंय, ते आत्याला सांगितलंय.

औषध डब्यात ओतायचं नाही. संडासला न्हाव्याच्या दुकानावरूनच जायचं, मान वर करून. त्याला सगळं माहीत आहे, आता लपवण्यासारखं राहिलंच काय.

आणि मी येईपर्यंत माझीही एक ओळ. रोज एक कागद तुम्हाला येईल, तारखेसकट. अक्षर वाईट आहे, शिरोरेघ कधी जमली नाही, तुम्हीच म्हणायचात. लाल पेन घ्या आणि तपासा. हवं तर ओरडा. पहिली इथंच लिहितो.

१६ जून. दार मी लावलं.